जपायचं कुठे आणि सैल सोडायचं कुठे: गिऱ्हाईक, कास्तकार आणि संचालक मंडळाच्या सावधपणाबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावी कृषी केंद्र, म्हणजे बियाणं-खतांचं दुकान आहे आणि प्रश्नकर्ते एका शेतकरी उत्पादक कंपनीचे संचालकही आहेत. दुकानात गिऱ्हाईक दरवर्षी तेच वाण मागतं, नवीन दाखवलं की हात मागे घेतं. इकडे कंपनीत सभासदांची तूर घेऊन डाळ करून विकायचा विषय तीन वर्षं पुढच्या बैठकीवर ढकलला जातोय. लोक भित्रे झालेत का, आणि त्यांना हलवायचं कसं?

‘भित्रे’ हा शब्द आधी बाजूला ठेवा, कारण तो चुकीच्या उपायाकडे नेतो. १९७० च्या दशकात इक्रिसॅट या संशोधन संस्थेने महाराष्ट्र आणि आंध्रातल्या सहा गावांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्यातली कानझरा आणि किनखेडा ही दोन गावं आपल्या अकोला जिल्ह्यातली. हॅन्स बिन्स्वँगर या अर्थतज्ज्ञाने अशा गावांमध्ये खऱ्या पैशांवर नाणेफेकीचे खेळ मांडले आणि १९८० मध्ये निष्कर्ष छापले. एका पर्यायात छापा पडो वा काटा, ५० रुपये नक्की मिळणार. दुसऱ्या पर्यायात एका बाजूला ४५, दुसरीला ९५. असं सरकत शेवटचा पर्याय शून्य किंवा २००. त्या काळी मजुराच्या दृष्टीने ही रक्कम मोठी होती. रक्कम वाढली तशी जवळजवळ सगळी माणसं मधल्या, बेताच्या जोखमीच्या पर्यायांवर आली. दहा एकरवाला आणि भूमिहीन यांच्या निवडीत फारसा फरक पडला नाही.

याचा अर्थ असा की धाडस कमीजास्त असल्यामुळे एक जण नवीन करतो आणि दुसरा करत नाही, असं नसतं. विहिरीला पाणी आहे का, पीककर्ज वेळेवर मिळतं का, घरात एक पगार येतो का, यावर फरक पडतो. म्हणून समजावून सांगून किंवा हिणवून गिऱ्हाईक बदलत नाही. त्याच्या डोक्यावर येणाऱ्या नुकसानीचं माप बदललं, तर बदलतं.

मला या विषयात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते असं. नुकसान दोन जातींचं असतं. एक झेपणारं: आलं तर वर्ष कडू जातं, पण पुढची पेरणी होते. दुसरं कंबर मोडणारं: ते आलं की वावर गहाण पडतं किंवा दुकानाला कुलूप लागतं. आपल्याकडे सावधपणा कमी नाही, भरपूर आहे. पण तो बहुतेक वेळा पहिल्या जातीवर खर्च होतो आणि दुसरी मोकळी राहते.

उदाहरणं गावोगाव आहेत. परवानगी असलेलं, बिलासह मिळणारं नवीन वाण अर्धा एकर लावायला नको म्हणणारा कास्तकार तणनाशक सहन करणारं, देशात मान्यता नसलेलं ‘चोर बीटी’ बिलाशिवाय सगळ्या वावरात टोबतो. कारण निंदणाची मजुरी हा खर्च नक्की आणि डोळ्यांसमोरचा असतो, बियाणं फसण्याची शक्यता लांबची वाटते. पण ते फसलं तर हातात बिल नाही, टॅग नाही, तक्रार करायला जागा नाही. बिलाच्या बियाण्याला तालुकास्तरीय तक्रार निवारण समिती पाहणीला येऊ शकते. सदोष बियाण्यासाठी शेतकरी ग्राहक म्हणून ग्राहक मंचाकडे (आताचा ग्राहक आयोग) जाऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये स्पष्ट केलं आहे. त्यासाठी बिल, रिकामी पिशवी, टॅग आणि मूठभर बियाणं हंगाम संपेपर्यंत जपून ठेवावं लागतं.

फरदडीचंही तसंच. डिसेंबरनंतर उभ्या पऱ्हाटीला पाणी देऊन आणखी क्विंटल-दोन क्विंटल काढणं हे नक्की मिळणारं लहान उत्पन्न. त्या बदल्यात गुलाबी बोंडअळीला उन्हाळ्यापर्यंत खायला मिळतं आणि पुढचा हंगाम धोक्यात जातो. आणि ‘तेच वाण’ म्हणजे धोका नाही, हा समजही २०१७ ने खोटा पाडला. बीजी-२ या बोंडअळी रोखणाऱ्या बीटी कापसावर सगळ्यांचा भरवसा होता, आणि अळीने त्या वर्षी तोच भरवसा सगळ्या गावांत एकदम मोडला. ओळखीची गोष्ट सुरक्षित वाटते ती ओळखीमुळे. ती खरंच सुरक्षित आहे का, हा वेगळा हिशोब आहे.

तोच माणूस कधी जपतो, कधी जुगार खेळतो

कानमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये जो सिद्धांत मांडला त्यातल्या दोन गोष्टी आपल्या कामाच्या. माणूस नफा-तोटा कोरा मोजत नाही, मनातल्या एका खुणेपासून मोजतो. आणि त्या खुणेच्या खाली गेल्याचं दुःख तेवढ्याच वर गेल्याच्या आनंदापेक्षा जास्त लागतं, पुढच्या मोजमापांनुसार अंदाजे दुप्पट. त्यामुळे खुणेच्या वर असताना माणूस जपतो आणि खाली गेला की ‘भरून काढू’ म्हणून मोठा धोका पत्करतो.

विदर्भाने हे कापसात पाहिलं आहे. २०२१-२२ च्या हंगामात भाव क्विंटलला दहा हजारांच्या पुढे गेला आणि तीच खूण मनात बसली. पुढच्या हंगामात भाव त्याच्या खाली होता, तर एरवी अत्यंत सावध असणाऱ्या घरांनी कापूस घरात भरून ठेवला. खोल्या भरल्या, अंगाला खाज सुटली, भाव मात्र सात हजारांच्या आसपास घसरला. ही माणसं एका वर्षात बेफिकीर झाली नव्हती. त्यांच्या मनात ७,५०० म्हणजे ‘अडीच हजारांचा तोटा’ होता, आणि तोटा मान्य करण्यापेक्षा थांबणं सोपं वाटलं.

यावर उपाय म्हणजे थांबण्याची किंमत कागदावर काढणं. समजा आज भाव ७,५०० आहे. वर्षाला १२ टक्क्यांचं कर्ज डोक्यावर असेल तर महिन्याला क्विंटलमागे ७५ रुपये व्याज, पाच महिन्यांत ३७५. कापूस वाळून अडीच टक्के वजन घटलं तर साधारण १९० रुपये. म्हणजे पाच महिन्यांनी साधारण ८,०६५ मिळाले तरच आजच्या भावाची बरोबरी होते, आणि उंदीर, आग, पिवळा पडलेला माल हे त्यात धरलेलं नाही. सावकाराचे पैसे शेकडा तीनने असतील तर महिन्याला २२५, पाच महिन्यांत ११२५. तिथे थांबायचा विचारच करू नये. त्यात तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत भरलं नाही तर राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख योजनेची व्याजसवलतही जाते. ही रक्कम लोक हमखास विसरतात.

विकायचंही भाव पाहून ठरवू नका, तारखा पाहून ठरवा. माल तीन भागांत: पहिला वेचणीच्या मजुरीसाठी आणि उधारी फेडायला लगेच, दुसरा जानेवारीत, तिसरा मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात. सगळ्यात चांगला भाव असा मिळणार नाही, पण सगळ्यात वाईट भावात सगळा माल जाणार नाही. सोयाबीन-तुरीला आणखी एक वाट आहे. पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत बाजार समितीच्या गोदामात माल ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम १८० दिवसांसाठी ६ टक्के दराने मिळते. घरखर्चाची घाई निघून गेली की निर्णय सुधारतो, हे मी ठामपणे म्हणेन. मात्र जवळची बाजार समिती ती योजना राबवते का, हे सोंगणीच्या आधी विचारून ठेवा.

काउंटरवर

आता दुकानाकडे या. बीजी-२ कापसाच्या पाकिटाची कमाल किंमत २०२५ मध्ये ९०१ रुपये होती. एकरी दोन पाकिटं म्हणजे १,८०० च्या आसपास. नवीन वाणावर शंभर रुपये सूट देऊन गिऱ्हाईक का हलत नाही, याचं उत्तर इथेच आहे. त्याचा धोका १,८०० चा नाही. वाण फसलं तर खत, फवारणी, मजुरी आणि अख्खा हंगाम जातो. सूट त्या धोक्याला हातच लावत नाही. उलट ‘विकलं जात नाही म्हणून स्वस्त देतो’ असा वास येतो.

शिवाय दोन वेगळ्या भीती आपण एक समजतो. एक, शक्यता माहीत आहे पण वाईट होऊ शकतं. दुसरी, शक्यताच माहीत नाही. एल्सबर्ग या अर्थतज्ज्ञाने १९६१ मध्ये दाखवलं की किती लाल किती काळे चेंडू हे माहीत असलेल्या मडक्यावर माणूस पैज लावतो, न माहीत असलेल्यावर लावत नाही. जुन्या वाणाला बोंडअळी येते हे कास्तकाराला ठाऊक आहे, किती येते तेही ठाऊक आहे. नवीन वाणाचं त्याला काहीच ठाऊक नाही. ही दुसरी भीती असेल तर औषध एकच: माहिती, आणि तीही त्याच्याच शिवारातली. यवतमाळच्या खोल काळ्या जमिनीतला प्लॉट बुलढाण्याच्या बरड जमिनीवाल्याला काही सांगत नाही.

एका पाकिटात साधारण अर्धा एकर होतो. म्हणून सगळं बदला असं कधी म्हणू नका, एक पाकीट द्या. पण चाचणी नीट लावली तरच उपयोग. नवीन वाण त्याच वावरात, त्याच दिवशी, जुन्याला लागून. धुऱ्याजवळ नको, पाणी साचतं तिथे नको, आणि रिकामी पडीक पट्टी तर मुळीच नको. बहुतेक चाचण्या इथेच बिघडतात: नको असलेल्या जागेत नवीन वाण ढकललं जातं आणि मग ते ‘चाललं नाही’. खत-फवारणी दोन्हींना सारखी. मधले सारखे तास (ओळी) दोन्हीकडे मोजून घ्यायचे आणि प्रत्येक वेचणीला त्यांचं वजन वेगळं लिहायचं. नुसत्या बोंडांच्या आकारावर मत बनवलं तर फसगत होते.

गिऱ्हाइकासमोर हिशोबही मांडा. आठ एकर कोरडवाहू, एकरी सहा क्विंटल, म्हणजे ४८ क्विंटल, ७,५०० ने ३ लाख ६० हजार. अर्ध्या एकरात नवीन वाणाने निम्मंच पीक दिलं तर दीड क्विंटल गेलं, ११,२५० रुपये, एकूण उत्पन्नाच्या तीन टक्क्यांच्या आसपास. हे झेपणारं नुकसान. बिनबिलाचं बियाणं सगळ्या आठ एकरांत, हे कंबर मोडणारं. दोन्ही आकडे शेजारी लिहिले की बराच वाद मिटतो.

उलट, जिथे कडक राहायलाच हवं अशी जागा म्हणजे पेरणी. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत ओल खोल गेल्याशिवाय सोयाबीन पेरू नये हा सल्ला दरवर्षी दिला जातो आणि पहिल्या सरीला शेजाऱ्याचं तिफन निघालं की दरवर्षी मोडला जातो. घरचं बियाणं असेल तर १०० दाणे ओल्या गोणपाटात ओळीने मांडून, गुंडाळून, आठवडाभर ओलं ठेवून मोजा. ७० च्या आसपास उगवले तर नेहमीचं प्रमाण, त्याहून कमी तर बियाणं वाढवा, ६० च्याही खाली असेल तर पेरू नका. या तपासणीला काहीच पैसे लागत नाहीत आणि ती दुबार पेरणी वाचवते. सावधपणाचा सगळ्यात स्वस्त प्रकार हा, आणि सगळ्यात कमी वापरला जाणारा.

पीकविम्याबद्दल लोकांचा आकस समजून घ्या. खरीप अन्नधान्य आणि गळीत पिकांना शेतकऱ्याचा हप्ता विमा संरक्षित रकमेच्या जास्तीत जास्त २ टक्के, कापसासारख्या नगदी पिकांना ५ टक्के. २०२५ च्या खरिपापासून राज्यातली एक रुपयाची योजना बंद झाली आणि भरपाई पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या महसूल मंडळाच्या सरासरीवर आली. म्हणजे तुमच्या वावरातून नाला गेला आणि बाकी मंडळ चांगलं पिकलं, तर हप्ताही गेला आणि पीकही. विमा न काढणाऱ्यापेक्षा ही अवस्था वाईट, आणि जो माणूस जितका जास्त जपणारा, त्याला ती तितकी जास्त बोचते. त्याला अडाणी म्हणू नका. दुष्काळ, सोयाबीनवरचा यलो मोझॅक रोग अशी सगळ्या मंडळावर येणारी संकटं ज्याला मारतात त्याने विमा काढावा. ज्याचं वावर नाल्याकाठी आहे आणि फक्त तेवढीच भीती आहे, त्याने तो पैसा धुऱ्या-बांधात घालावा, असं माझं मत आहे.

तुमची उधारी

इथे तुमच्याबद्दल स्पष्ट बोलतो. कृषी केंद्रवाले न खपणाऱ्या चार पेट्यांना घाबरतात आणि नवीन माल ठेवत नाहीत. तो झेपणारा तोटा आहे, त्यातही माल परत घेणार की नाही आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे वितरकाकडून बिलावर लिहून घेतलं तर आणखी कमी होतो. कंबर मोडणारा धोका उधारीच्या वहीत असतो. दीडशे नावं पाहून धोका विखुरलेला वाटतो, पण दीडशेही जण त्याच शिवारात, त्याच पावसावर, त्याच दोन पिकांवर आहेत. एक बुडाला तर दीडशे बुडतात. हे दीडशे ऋणको नाहीत, एकच आहे.

वहीला तीन रंग द्या: ओलिताचे, निव्वळ कोरडवाहू, आणि घरात पगार किंवा दुसरा धंदा असलेले. कोरडवाहू उधारीची एकूण रक्कम एवढीच ठेवा की एक पूर्ण वर्ष त्यातला रुपया आला नाही तरी कंपन्यांची देणी चुकवता येतील. हा आकडा मे महिन्यात ठरवायचा, जूनच्या गर्दीत नाही. समोर माणूस उभा असताना नाही म्हणणं फार जड जातं, आधी ठरलेला आकडा असला की निदान बोलायला आधार असतो.

संचालक मंडळ

तुरीचा विषय तीन वर्षं का रखडला, याचं कारण बहुतेक ठिकाणी एकच असतं. नफा झाला तर तो सभासदांत वाटला जातो, संचालकाच्या वाट्याला फार काही येत नाही. तोटा झाला तर माणसं त्याच्या ओसरीवर येतात. अशा मांडणीत ‘पुढच्या बैठकीत बघू’ म्हणणं हे त्या संचालकासाठी बरोबर उत्तर आहे. माणसं बदलून हे सुटत नाही, मांडणी बदलावी लागते.

पहिलं काम, वैयक्तिक हमी वेगळी काढा. बँकेच्या कर्जावर संचालकाची सही आणि त्याचं वावर लागत असेल तर त्याचा नकार हा शहाणपणा आहे, तिथे जबरदस्ती करू नका. २०२० च्या केंद्राच्या उत्पादक कंपनी योजनेत पतहमी निधीची सोय आहे. बँकेशी बोलणी त्यापासून सुरू करा.

दुसरं, यंत्र विकत घ्यायचा विषय आणि व्यापार करायचा विषय एकत्र आणू नका. डाळ मिल म्हणजे परत न फिरणारा खर्च. आधी एक हंगाम दुसऱ्याच्या मिलमध्ये मजुरीने डाळ करून घ्या. क्विंटलला साधारण ७० ते ७५ किलो डाळ आणि बाकी चुरी-टरफल निघतं. तुमच्या मालातून नेमकी किती निघते, ओलावा किती निघतो, चुकारा किती दिवसांत येतो, हे तीन आकडे मिळाले की यंत्राचा निर्णय अर्धा सुटतो.

तिसरं, किती माल घ्यायचा हे उत्साहावर सोडू नका, उलट्या बाजूने काढा. समजा स्वतःचं भांडवल ८ लाख आहे आणि एका हंगामात त्यातले जास्तीत जास्त १० टक्के, म्हणजे ८०,००० गमवायला सर्वसाधारण सभेची तयारी आहे. तुरीचा भाव ७,००० आणि खरेदीनंतर तो १५ टक्के पडेल असं वाईट धरलं तर क्विंटलमागे १,०५० चा फटका. ८०,००० ला १,०५० ने भागा: ७६ क्विंटल. मजुरी-वाहतूक, उधारीची भीती धरून ६० क्विंटल घ्या. बैठकीत ‘तूर घ्यायची का’ हा प्रश्न तीन वर्षं चालतो, ‘६० क्विंटल घ्यायची का’ हा एका तासात संपतो.

चौथं, एकेक व्यवहार सुटा तोलू नका. सॅम्युएल्सन या अर्थतज्ज्ञाने आपल्या सहकाऱ्याला विचारलं होतं: जिंकलास तर २००, हरलास तर १०० डॉलर, एक नाणेफेक घेशील? तो नाही म्हणाला, पण अशा शंभर फेकी द्याल तर घेईन म्हणाला. कंपनीतही बियाणं, तूर, सोयाबीन ग्रेडिंग, अवजार बँक हे चार लहान प्रयोग एका पानावर, एका एकत्रित तोट्याच्या मर्यादेखाली ठेवा आणि हिशोबही वर्षाअखेर एकत्र सभेपुढे मांडा. प्रत्येकाची वेगळी झडती घेतली की चारही मरतात. मात्र चारही एकाच पावसावर उभे असतील तर ही विभागणी दिखाऊ ठरते, उधारीच्या वहीसारखीच. एखादा तरी प्रयोग पावसाशी संबंध नसलेला असू द्या.

शेवटचं म्हणजे ठराव कसा लिहायचा. तूर बाजारात डिसेंबरअखेर ते फेब्रुवारीत येते, म्हणून दिवाळीनंतरच्या पहिल्या बैठकीत तो मंजूर व्हायला हवा. जानेवारीत चर्चा सुरू केली तर घाईत महाग खरेदी होते. ठरावाआधी प्रत्येक संचालकाने पाच मिनिटांत लिहून द्यावं: ‘जून उजाडला, आपले पैसे बुडालेत, कारण काय?’ तोंडी विचारलं तर सगळे अध्यक्षांच्या मागे बोलतात, लिहून घेतलं तर ओलावा, वजनकाटा, चुकारा बुडवणारा व्यापारी अशी खरी कारणं बाहेर येतात. त्या दिवसाचा भाव, हाती असलेली माहिती आणि विरोधातलं मत इतिवृत्तात नोंदवा, म्हणजे तोटा झाला तरी निर्णय त्या वेळी विचार करून घेतला होता हे सभेला दाखवता येतं. आणि थांबायची अट त्याच ठरावात घाला: तोटा ८०,००० ला टेकला की खरेदी बंद, आणि ३१ मे रोजी उरलेली डाळ त्या दिवशीच्या भावाने, तो कितीही असो, विकून टाकायची.